इंचात ठिपके किती?

छापखान्यातल्या जुळाऱ्याला कोणी विचारले असते की, "हे अक्षर केवढे?", तर तोंडाने उत्तर न देता त्याने पेटीतला एक खिळा उचलून विचारणाऱ्याच्या तळहातावर ठेवला असता. अक्षराचे माप त्या शिशाच्या तुकड्यातच ओतलेले असे. बारा पॉइंटाचा खिळा मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरात बारा पॉइंटाचा, आणि आमच्या आदिलाबादेतल्या एखाद्या ट्रेडल यंत्रावरही बारा पॉइंटाचाच. इंचात असे पॉइंट सुमारे बहात्तर. कागद लहान असो की मोठा, शाई दाट असो की फिकी, अक्षराच्या मापाला त्याचे सोयरसुतक नसे. माझ्या लहानपणी लग्नपत्रिका छापायला दिली की वडीलधारी मंडळी "नाव जरा मोठ्या टाइपात घ्या" एवढेच सांगत, आणि जुळारी दुसरी पेटी ओढी. संपले काम.

संगणकाच्या पडद्यावर मात्र अक्षराचे माप अक्षरात नसते. ते एका करारात असते. हा करार १९८४ च्या सुमारास झाला, कोणी लेखी केला नाही, आणि पुढे पंचवीस-तीस वर्षांनी तो मोडला. तो मोडल्याचा आवाज अमेरिकेत झाला असेल, पण त्याचे तुकडे पैनगंगेच्या अलीकडच्या शाळांच्या कचेऱ्यांतही येऊन पडले आहेत. म्हणून हा इतिहास सांगायचा. इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि सनदा आठवतात. मी शिकवतो तोही तोच. पण एका ठिपक्याच्या आकाराचाही इतिहास असतो, आणि मराठी अक्षराचा त्याच्याशी जवळचा संबंध आला आहे.

आधी हे सगळे माझ्या समोर कसे आले ते थोडक्यात सांगतो. हैदराबादेत नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला एक उत्तम लॅपटॉप भेट दिला. पडदा १५.६ इंची, आडवे ३८४० ठिपके, उभे २१६०. चित्रे अशी की आरशासारखी. कचेरीतल्या ऑपरेटरांनी त्यावर आमचे जुने मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर बसवले. (कोणत्या कंपनीचे ते येथे महत्त्वाचे नाही.) शाळेच्या प्रश्नपत्रिका, वार्षिकांक, सत्काराची मानपत्रे, सारे गेली पंचवीस वर्षे त्यातच आहे. ते उघडले तेव्हा वरच्या मेनूची नावे नीट दिसली, पण त्याखालची बटणांची ओळ पाहून ऑपरेटर म्हणाले, "सर, हे मुंग्या बसल्यासारखे काय दिसते?" एक खिडकी उघडली तर तिच्यातली सूचना अर्धी कापलेली, आणि ‘ठीक आहे’ म्हणायचे बटण खिडकीच्या कडेखाली गडप. दुसरा एक जुना कार्यक्रम उघडला तर तो मोठा दिसला, पण सगळा पुसट, दव पडलेल्या काचेतून पाहावा तसा. नवा पडदा इतका स्वच्छ, आणि त्यावर आमची मराठी एकतर बारीक नाहीतर पुसट. ऑपरेटर पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी खणातून भिंग काढले, तेव्हा मी या प्रकरणाच्या मुळाशी जायचे ठरवले.

आता त्या कराराकडे. जानेवारी १९८४ मध्ये अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक आला. त्याचा पडदा नऊ इंची, आडवे ५१२ ठिपके, उभे ३४२. कंपनीने मुद्दाम असे केले की पडद्यावर एका इंचात बहात्तर ठिपके यावेत, म्हणजे एक ठिपका बरोबर एक पॉइंट. बारा पॉइंटाचे अक्षर पडद्यावर बारा ठिपके उंच, आणि कागदावर छापले तर तेवढेच. छापखान्याची पाचशे वर्षांची रीत त्यांनी काचेवर आणली. पुढल्याच वर्षी, १९८५ साली, पेजमेकर हा पाने जुळवायचा कार्यक्रम आला आणि इंचात ३०० ठिपके टाकणारा लेझर प्रिंटरही आला. या जोडीने डी.टी.पी. नावाचा धंदा जन्माला घातला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कागद तेव्हाच तीनशेवर पोचला होता, पडदा मात्र बहात्तरवर होता. पडद्याला तीनशेच्या जवळ यायला आणखी पंचवीस वर्षे लागली.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने बहात्तरऐवजी शहाण्णव आकडा धरला. त्यामागचा विचार असा की, कागद आपण हातात धरतो, पडदा त्याहून सुमारे तृतीयांश अधिक लांब असतो. तेव्हा अक्षरही तृतीयांशाने मोठे हवे. बहात्तर अधिक त्याचा तृतीयांश, शहाण्णव. हिशेब सुरेख आहे, पण तो मोजलेला नव्हता, मानलेला होता. १९८७ च्या व्ही.जी.ए. पद्धतीत पडद्यावर ६४० बाय ४८० ठिपके असत. चौदा इंची मॉनिटरवर ते पसरले की इंचात प्रत्यक्षात साठीच्या आसपासच भरत. तरी विंडोज शहाण्णवच म्हणे. गावात एखाद्याचे नाव ‘पाटील’ पडते आणि पाटिलकी गेली तरी ते चालत राहते, तसे ते शहाण्णव चालत राहिले. साठ आणि शंभर यांत फरक तरी किती? डोळ्याला तो खपला.

येथेच खरी सवय लागली. कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी सगळे ठिपक्यांत मोजायला सुरुवात केली. बटण सोळा ठिपके उंच. खिडकी चारशे ठिपके रुंद. डावीकडून दहा ठिपके सोडून नाव लिहा. खरे तर विंडोजमध्ये अगदी आरंभापासून एक दुसरे मापही दिलेले होते: खिडकीतल्या वस्तू अक्षराच्या आकाराच्या प्रमाणात मोजायच्या, म्हणजे अक्षर वाढले की खिडकीही वाढेल. ज्यांनी ते काळजीने वापरले त्यांचे कार्यक्रम पुढे बरेच तगले. पण ठिपके मोजणे सोपे होते. शिवाय ‘मोठी अक्षरे’ निवडली तर इंचात १२० ठिपके धरले जात, अशी सोय १९९० च्या दशकातच विंडोजमध्ये होती. ती किती जणांनी तपासून पाहिली असेल? माझ्या मते फार थोड्यांनी. ती सोय ज्या चष्मेवाल्यांसाठी होती ते संगणकाजवळ येतच नव्हते. आले ते मागाहून.

या सगळ्यात आपली लिपी कुठे होती? इंग्रजी अक्षराला आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन पुरतो, कसाबसा का होईना. देवनागरीला तीन मजले लागतात. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. मध्ये अक्षराचे अंग. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षराचे लटकलेले पाय. ‘र्की’ आणि ‘द्द्यू’ ज्याने शिशात जुळवले आहे त्याला हे सांगायला नको. आमच्या शेजारच्या तेलुगूचा खालचा मजला तर आणखी भारी; तिथे जोडव्यंजनाचा वत्तु अक्षराच्या पोटाखाली जाऊन बसतो. तेव्हा इंग्रजीच्या चौकोनात या दोघींनाही कोंबणे म्हणजे बैलगाडी पायवाटेने नेणे. यावर १९८० च्या दशकात कानपूरच्या आय.आय.टी.त काम झाले, आणि ते पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत गेले. ही संस्था १९८८ ची. तिचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकाच्या पोटात बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत, आणि मराठीत टंकलेले तेच कार्ड तेलुगू लिपीतही दाखवी. दुभाषी जिल्ह्यातल्या माणसाला ही केवढी नवलाई वाटली असेल याची कल्पना आपण करू शकतो. त्याच पायावर ‘इस्की’ नावाचे संकेतप्रमाण १९८८ साली आले व १९९१ साली भारतीय मानक झाले. जागतिक ‘युनिकोड’ने १९९१ मध्ये देवनागरी घेतली तीही इस्कीच्याच मांडणीवरून.

पण बाजार त्या वाटेने गेला नाही. १९९१-९२ मध्ये ट्रूटाइप फाँट आले. यात अक्षर ठिपक्यांत साठवलेले नसते, त्याच्या कडांच्या वक्ररेषा साठवलेल्या असतात. लागेल त्या मापाला यंत्र त्या रेषा भरून देते. शिशाच्या खिळ्यानंतर अक्षराला मिळालेले हे सर्वांत मोठे स्वातंत्र्य असे मी मानतो. गावोगावच्या डी.टी.पी.वाल्यांनी मराठी फाँट घेतले ते याच जातीचे. मात्र ते बसवताना एक युक्ती केली गेली. संगणकाला मराठी कळत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले गेले: एका जागी अर्धा ‘क’, दुसऱ्या जागी नुसता काना, तिसऱ्या जागी रफार. यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ, आपल्या डोळ्याला मराठी. प्रत्येक कंपनीची जागांची वाटणी वेगळी. म्हणजे एका सॉफ्टवेअरातला मजकूर त्याच सॉफ्टवेअरात वाचायचा. पुढचे सारे दुखणे समजण्यासाठी ही गाठ लक्षात ठेवली पाहिजे.

विंडोजला स्वतःला देवनागरी कळू लागली ती २००० सालच्या आवृत्तीपासून. तिच्यासोबत ‘मंगल’ नावाचा फाँट आला, तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला. सुलेखनकार, अक्षररचनेचे अभ्यासक आणि मराठीतले कवी असलेल्या माणसाचे अक्षर जगभरच्या संगणकांत गेले, आणि आपल्याकडे त्याची म्हणावी तेवढी चर्चा झाली नाही. असो. १९९६-२००० च्या पडद्यांवर बारा-चौदा ठिपक्यांत देवनागरीचे तीन मजले बसवणे ही तारेवरची कसरत होती. शिरोरेषा एका ठिपक्याची, अनुस्वार एका ठिपक्याचा. तो एक ठिपका हलला की ‘पंत’चा ‘पत’ होतो आणि ‘शिंदे’चा ‘शिदे’.

आता करार मोडल्याची गोष्ट. पहिला इशारा २००१ मध्येच मिळाला होता. आय.बी.एम.ने बावीस इंची असा एक पडदा आणला की ज्यावर ३८४० बाय २४०० ठिपके होते, इंचात दोनशेच्या वर. तो फार महाग होता, संशोधनसंस्था आणि रुग्णालयांसारख्या ठिकाणी गेला, आणि सामान्य माणसाने तो पाहिला नाही. मग जून २०१० मध्ये अ‍ॅपलचा फोन आला, इंचात ३२६ ठिपक्यांचा. जून २०१२ मध्ये त्याच कंपनीचा लॅपटॉप, इंचात २२०. त्यानंतर सगळ्यांनीच ती शर्यत धरली.

आमच्या शाळेतल्या पडद्याचा हिशेब मी दहावीच्या मुलांकडून पायथागोरसच्या सिद्धांताने करून घेतला. ३८४० चा वर्ग अधिक २१६० चा वर्ग, त्याचे वर्गमूळ सुमारे ४४०६. भागिले १५.६. उत्तर इंचात २८२ ठिपके. आता जुने सोळा ठिपक्यांचे बटण घ्या. इंचात शहाण्णव ठिपके असताना ते इंचाचा सहावा भाग, म्हणजे सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास होते. दोनशे ब्याऐंशीला तेच बटण दीड मिलिमीटरहूनही किंचित लहान. ज्वारीच्या दाण्याएवढे होते ते मोहरीएवढे झाले. त्यात कोणी काही बिघडवले नाही. बटण सोळा ठिपक्यांचे होते आणि सोळाच ठिपक्यांचे राहिले. ठिपका लहान झाला.

यावर उपाय शोधणाऱ्यांनी दोन वाटा काढल्या. अ‍ॅपलने २०१२ मध्ये नेमके दुप्पट केले: जुन्या एका ठिपक्याच्या जागी दोन आडवे, दोन उभे, असे चार. जुना कार्यक्रम पूर्वीसारखाच दिसे, फार तर नव्याच्या शेजारी थोडा भरड. पूर्णांकाचा फायदा असा. विंडोजच्या जगात मात्र पडदे शेकडो कंपन्यांचे आणि शेकडो मापांचे, तेव्हा १२५, १५०, १७५ टक्के अशा अपूर्णांकांत वाढ द्यावी लागली. एका ठिपक्याची शिरोरेषा दीडपट केली की ती दीड ठिपक्याची होते, आणि अर्धा ठिपका पेटवता येत नाही. मग एकतर ती कुठे एक आणि कुठे दोन ठिपके जाड दिसते, नाहीतर अर्ध्या ठिपक्याच्या जागी करडी सावली टाकावी लागते. इंग्रजीच्या सुट्या अक्षरांत हे लपून जाते. आपल्याकडे सबंध शब्दावरून एक आडवी रेघ जाते, तिची लाट ताबडतोब डोळ्यात भरते.

२००७ च्या व्हिस्टा आवृत्तीत विंडोजने आणखी एक तोड काढली, आणि तिचे मला एक प्रकारचे कौतुकही वाटते. जो कार्यक्रम "मला नवी मापे समजतात" असे सांगत नाही, त्याला विंडोज सरळ थाप मारते, की पडदा जुनाच आहे, इंचात शहाण्णवच ठिपके आहेत. बिचारा कार्यक्रम त्या समजुतीने आपले चित्र काढून देतो, आणि विंडोज ते चित्र ताणून मोठे करते. झेरॉक्सच्या दुकानात छोटी पावती मोठी करून आणावी तसे. आकार बरोबर येतो, कडा पुसट होतात. आमच्या कचेरीतला तो दव पडलेला कार्यक्रम या जातीचा. आणि मुंग्यांसारखी बटणे ज्याची होती तो दुसऱ्या जातीचा: त्याने "मला समजते" असे सांगून ठेवलेले, पण आत मोजणी ठिपक्यांचीच. मेनूतली नावे विंडोज स्वतः काढते म्हणून ती वाढली. बटणांची चित्रे कार्यक्रमाच्या घरची, ती आहे तेवढीच राहिली. वर्गात हात वर करून "सर, येते" म्हणणारा आणि फळ्याशी आल्यावर गप्प उभा राहणारा मुलगा प्रत्येक शिक्षकाला माहीत असतो.

२०१३ च्या ८.१ आवृत्तीत प्रत्येक पडद्याला निराळे माप देण्याची सोय आली. ही सोय का लागली ते डिजिटल वर्गातल्या प्रोजेक्टरने कळते. लॅपटॉप दाट ठिपक्यांचा, भिंतीवरचा प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा. एकाच मापात दोघांना चालवले की एकीकडे मुंगी आणि दुसरीकडे हत्ती. २०१७ च्या विंडोज १० च्या सुधारणेत यापुढचे पाऊल पडले. जुन्या कार्यक्रमाचे चित्र ताणताना त्यातला मजकूर तरी विंडोजने नव्याने, स्वच्छ भरून द्यायचा. वाचकांपैकी कोणाच्या कचेरीत हे दुखणे असेल त्यांच्यासाठी सांगतो. कार्यक्रमाच्या चिन्हावर उजवे बटण दाबावे, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कंपॅटिबिलिटी’ या पानावर जावे, तिथे ‘चेंज हाय डी.पी.आय. सेटिंग्ज’ असते. सर्वांत खालच्या चौकोनात खूण केली की तीन पर्याय मिळतात. ‘सिस्टिम’ निवडले तर बारीक बटणे मोठी पण पुसट होतात. ‘सिस्टिम एनहान्स्ड’ने पुष्कळदा मजकूर स्वच्छ येतो, सर्वच कार्यक्रमांत येतो असे नाही. आमच्याकडे निम्मे काम याने भागले. तेही न साधले तर पडद्याचे ठिपके नेमके निम्मे करावेत, ३८४० चे १९२०, म्हणजे पूर्णांकात काम होते.

फोनवर हा घोळ का नाही, असे मुले विचारतात. कारण फोनवाल्यांनी लवकरच ठिपक्यांत मोजणे सोडले. अँड्रॉइडमध्ये इंचाचा १६० वा भाग हे कल्पित माप धरून सारी रचना होते, पडद्याचे खरे ठिपके कितीही असोत. आजीच्या फोनवर नातवाचा मराठी निरोप रेखीव दिसतो, आणि त्याच नातवाचा दाखला शाळेच्या संगणकावर भिंगाने वाचावा लागतो, याचे कारण हे.

येथे कोणी म्हणेल, एवढे पुराण कशाला? नवे सॉफ्टवेअर घ्या आणि मोकळे व्हा. इंग्रजी कचेरीला हे म्हणता येते. तिचा मजकूर कोणत्याही नव्या कार्यक्रमात उघडतो. आपली गाठ मी वर सांगितली तीच. जुन्या फाँटांच्या युक्तीमुळे आपला मजकूर त्याच सॉफ्टवेअरच्या तावडीत आहे, आणि ते सॉफ्टवेअर ज्या पेजमेकरवर चढवले जाई त्याची शेवटची आवृत्ती २००१ मधली. २०१२ नंतरचे पडदे त्याला कसे ठाऊक असणार? मराठी फाँट-सॉफ्टवेअरांच्या कंपन्याही लहान. एखादे जागतिक सॉफ्टवेअर नव्या पडद्यासाठी पुन्हा लिहायला शेकडो माणसे लावता येतात. दोन-चार हजार छापखान्यांच्या जिवावर चालणाऱ्याला ते जमेलच असे नाही. म्हणून जुन्या पडद्यावर जुने यंत्र जपून ठेवायचे, हाच पुष्कळांचा उपाय. आमच्याही कचेरीच्या कोपऱ्यात एक आहे. ते बंद पडेल त्या दिवशी काय, हा प्रश्न आहे.

सीमेपलीकडे हा प्रश्न जरा सौम्य आहे. पांढरकवड्याला, किनवटला, यवतमाळला मराठी टंकणारी माणसे गल्लोगल्ली मिळतात. एक फाइल गेली तर दुसरा ती पुन्हा टंकेल. आमच्याकडे ती माणसे मोजकी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा आमच्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके व बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ पलीकडे गेले, आणि नांदेडकडचे मुधोळ, भैंसा, कुबेर अलीकडे आले. पुढे २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले, मुधोळ-भैंसा निर्मल जिल्ह्यात गेले. बेला, जैनद, तामसीकडची घरे मात्र मराठी बोलतच राहिली. कचेरीची भाषा तेलुगू, त्याआधी उर्दू, बाजाराची सगळ्यांची मिळून, आणि मराठी घरातली व मराठी माध्यमाच्या शाळांतली. या भागात मराठीत जे काही छापले गेले, शाळांचे वार्षिकांक, स्मरणिका, भजनी मंडळांची पत्रके, कबड्डीच्या सामन्यांच्या जाहिराती, त्याची दुसरी प्रत कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात बहुधा नाही. ते एखाद्या डी.टी.पी.च्या दुकानातल्या यंत्रात आहे. दुकानदाराने नवा पडदा घेतला की ते बारीक होते, यंत्र मोडीत काढले की नाहीसे होते. शंभर वर्षांपूर्वीचे कागद मी वाचू शकतो, मोडीतले असले तरी जाणकार सापडतो. १९९८ चा वार्षिकांक वाचायला मला विशिष्ट सॉफ्टवेअर, विशिष्ट फाँट आणि विशिष्ट घनतेचा पडदा लागावा, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला चमत्कारिक वाटते.

मजकूर जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आता आहेत, आणि ती वापरावीत. आम्ही वापरतो. मात्र त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. त्यांतली काही हिंदी नजरेसमोर ठेवून केलेली आहेत. आपला ‘ऱ्य’ त्यांना कळत नाही. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘शेतकऱ्यांनी’ अशा ठिकाणी हमखास मोडतोड होते. म्हणून आमचे मराठीचे शिक्षक प्रत्येक पान छापील प्रतीशी ताडून वाचतात. एकदा का मजकूर युनिकोडमध्ये आला, की त्याला पडद्याची भीती उरत नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘निर्मला’ नावाचा फाँट मेनू आणि खिडक्यांसाठी आला आहे. त्यात देवनागरी आणि तेलुगू दोन्ही एकाच मापाने घडवलेल्या आहेत. (आमच्या शेजारच्या निर्मल गावाशी त्याचा काही संबंध नाही.) मराठी नाव आणि तेलुगू नाव एका ओळीत लिहिले तर आता एक दुसरीच्या डोक्यावर चढत नाही. आमच्यासारख्या शाळेच्या हजेरीपटाला याचा उपयोग पुण्या-मुंबईच्या शाळेपेक्षा अधिक आहे.

या जिल्ह्यात अक्षरांची आणखी एक गोष्ट घडली आहे, ती सांगून थांबतो. १९४३ साली फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने मारलवाईला गोंड मुलांसाठी शिक्षणाचे काम सुरू झाले, तेव्हा गोंडी वाचनपाठ देवनागरीत तयार करण्यात आले. आपले सेतुमाधवराव पगडी यांनीही निजामी राजवटीतल्या नोकरीच्या काळात आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास करून पुस्तक लिहिले. गोंडीला स्वतःची लिपी नाही असे तेव्हा धरून चालत. पुढे नारनूर मंडलातल्या गुंजाला गावी एका वेगळ्याच लिपीतली हस्तलिखिते विद्वानांच्या नजरेस आली. गावातले काही वृद्धच ती वाचू शकत होते. २०१८ च्या जूनमध्ये ‘गुंजाला गोंडी’ म्हणून तिचा युनिकोडमध्ये समावेश झाला.

हिला शिशाचा खिळा लाभला नाही, टंकलेखनयंत्र नाही, बारा ठिपक्यांच्या चौकोनात अंग चोरून बसण्याची वेळही आली नाही. हस्तलिखितातून निघाली ती थेट वक्ररेषांच्या फाँटात. नव्या पडद्यावर शंभर टक्क्यांवर पाहा, अडीचशेवर पाहा, तिची कड कुठे फाटत नाही. अडचण वेगळीच आहे. ज्या यंत्रात तिचा फाँट बसवलेला नसतो तिथे प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन येतो. तो चौकोन मात्र अगदी रेखीव दिसतो.